ओवाळणीच्या सुऱ्या

अंबरनाथ,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. विठाताईस, सदूचा शिरसाष्टांग नमस्कार.

भाऊबीजेच्या सकाळी तुझ्याकडे निघण्याआधी मी एक काम केलं, ते त्या दिवशी तुला बोललो नाही. ओवाळणीची पेटी घेऊन मी आधी शिवमंदिरात गेलो. पेटी देवाच्या पायाशी लावावी असं मनात होतं. पुजारी म्हणाला, "अरे, सुऱ्या घेऊन गाभाऱ्यात कुठे उतरतोस?" मग पेटी बाहेरच्या फुलवालीकडे ठेवली आणि सांगितलं, "मावशी, लागली तर वापरा एखादी. नवी कोरी आहे." पायऱ्या उतरून खाली गेलो, हात जोडले, त्या थंडाव्यात थोडा बसलो. मागणं एवढंच केलं की या सुऱ्यांना यश येऊ दे.

वर आलो तर फुलवाली हाराचा दोरा दातांनी तोडत होती. सुरी तिनं पुसून पेटीत परत ठेवली होती. मला फार बरं वाटलं. परक्याची नवी वस्तू खराब होऊ नये म्हणून बाई स्वतःच्या दातांना त्रास देते, अशी माणसं अजून आहेत. ती काहीतरी म्हणालीही, पण मला ऐकू आलं नाही. हसत होती, म्हणजे चांगलंच म्हणाली असणार.

तुझ्या ताटात यंदा साडी पडली नाही याचं तू मनात आणलं नसशील. ज्या प्रेसवर मी वीस-एक वर्षं डब्यांची झाकणं आणि ताटल्या दाबल्या, त्याच प्रेसवर शशिकांत शेटनी यंदा सुऱ्यांचा साचा चढवला. पेटीतली सहाही पाती माझ्या हातची आहेत. आजवर मी केलेली झाकणं कुणाच्या घरी गेली ते मला कधी कळलं नाही. ही पहिली वस्तू, जी कुठल्या घरात आहे ते मला ठाऊक आहे.

तेव्हा सुऱ्या कशा चालतात ते सविस्तर लिही. फोन करू नकोस. प्रेसच्या धडधडाटानं माझे कान अर्धे गेलेत. तू ओरडतेस, सगळी वाडी ऐकते, आणि मी तेवढा ऐकायचा राहतो.

तुझा,
सदू

*

वाडी, बारवी रोड, बदलापूर,
२२ नोव्हेंबर २०२४

चि. सदूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बनूबाईच्या दुकानात तीन दिवस पडून होतं. ती म्हणते पोस्टमननं आजच दिलं. पाकीट उघडून चिकटवलेलं दिसत होतं, पण असो, तिलाही करमणूक नाही.

साडीचं मनात कशाला आणू? साड्या ट्रंकेत मावत नाहीत. तू पेटी ताटात ठेवलीस आणि शेजारची चंद्री म्हणाली, "विठाबाय, भाऊ असावा तर असा. सगळ्यांचे भाऊ साडी देतात. हत्यार कोण देतो?"

सुऱ्यांचं विचारलंस म्हणून लिहिते. चमक एवढी आहे की चंद्री सकाळी येऊन मोठ्या सुरीत बघून कुंकू लावून गेली. मुठी लाल, हाताला मऊ लागतात. इतके दिवस झाले, पण त्यांनी कुणाचं बोट कापलं नाही. तो गुण मोठा आहे. चंद्रीच्या नातवानं एक घेऊन अंगणभर नाचवली, तरी कुणाला ओरखडा नाही. आणि धार म्हणशील तर तू दिलीस तेव्हा जशी होती तशीच आहे, अजिबात कमी झालेली नाही. पेटी मी देवाजवळ ठेवली आहे.

भात झोडून झालं. ओहोळाकडच्या शेतात ओल धरून आहे तोवर वाल टाकले. रंजनाला सांग, पापड लाटले की तिची नणंद पाठवते. कानात तेल घालू नकोस, कुणी काही सांगितलं तरी.

तुझी,
विठाताई

*

अंबरनाथ,
५ डिसेंबर २०२४

ती. विठाताईस नमस्कार.

तुझं पत्र मी रंजनाला वाचून दाखवलं. तिला एवढा ठसका लागला की उठून पाणी प्यायला गेली. दुसऱ्या दिवशी कंपनीत नेऊन शशिकांत शेटना वाचून दाखवलं. "बोट कापत नाही" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, "सदू, हे पेटीवर छापायला पाहिजे होतं रे. आपण उगाच परदेशी बाईचा फोटो छापला."

ताई, आता खरी गोष्ट. कंपनी बंद होते आहे. सुऱ्यांचा माल दुकानदारांनी उचलला नाही. शेट म्हणतात, दोष मालाचा नाही, विकणाऱ्यांचा. गोदामात पेट्या छतापर्यंत आहेत. ते मला म्हणाले, "तू केल्यास, तूच विक. सगळा माल स्वस्तात घे. महाशिवरात्रीच्या जत्रेपर्यंत थांबतो तुझ्यासाठी."

मी आठ दिवस विचार केला. पन्नाशी आली. या वयात दुसऱ्याच्या दारात काम मागायला जायचं, तेही अर्ध्या कानांनी, याची मला भीती वाटते. जत्रेला शिवमंदिराच्या रस्त्यावर केवढी माणसं येतात. तिथं टाकू टपरी. पण माल घ्यायचा तर ओहोळाकडचं शेत विकावं लागेल. बदलापूरचा एक एजंट मागेच लागला आहे, कुणाला तरी तिथं फार्महाऊस बांधायचं आहे.

एरवी माझं धाडस झालं नसतं. पण तुझं पत्र आलं, आणि मला वाटलं, देवानं दिलेला हा कौलच आहे. मी मागितलं आणि तुझ्या हातून उत्तर आलं.

तू इतकी वर्षं ते शेत राबून ठेवलंस. तुझा आशीर्वाद असेल तरच पुढचं पाऊल टाकीन.

सदू

*

वाडी,
२३ डिसेंबर २०२४

चि. सदूस आशीर्वाद.

कंपनीचं वाचून वाईट वाटलं. पण तुझ्या हाताला काम मिळेल, घाबरू नकोस. कान गेले तरी हात शाबूत आहेत.

शेताचं तू मला विचारलंस हा तुझा मोठेपणा. शेत तुझं आहे. आबा गेल्यावर मीच सही करून हक्क सोडला, आणि तरी तू मला ते कसू दिलंस, कधी एक शब्द बोलला नाहीस. मी कसते म्हणून ते माझं होत नाही. तेव्हा शेताबद्दल मी काही बोलणार नाही, हो नाही आणि नाही पण नाही.

माझी एक मागणी आहे. मला सुऱ्यांची आणखी एक पेटी हवी. पण ओवाळणी नको आणि भेट पण नको. मला विकत पाहिजे. या पत्राबरोबर चंद्रीच्या मालकाच्या हाती नव्या तांदळाची गोण पाठवते, ती तिची किंमत समज. आणि पावती पाठव. पावतीवर माझं पूर्ण नाव घाल, विठाबाई, आणि पुढे "गिऱ्हाईक" असं लिही. पावतीशिवाय पेटी घेणार नाही.

का ते विचारू नकोस. पाठव म्हणते ना!

वाल फुलावर आलाय. सकाळी बांधावर उभं राहिलं की वास येतो.

विठाताई

*

अंबरनाथ,
६ जानेवारी २०२५

ती. विठाताईस नमस्कार.

तांदूळ मिळाले. भात काय मोकळा होतो! चंद्रीचा मालक आज पुन्हा इकडे आला, त्याच्याबरोबर पेटी आणि पावती पाठवतो आहे. भावाकडून पावती मागणारी बहीण मी जन्मात पाहिली नव्हती. रंजनाला म्हटलं, "हिला झालंय काय?" ती म्हणाली, "ताई मागतात ना, द्या मुकाट्यानं. शिक्कासुद्धा मारा." आणि पदराआड हसायला लागली. बायकांचं मला काही कळत नाही.

तू माझं पहिलं गिऱ्हाईक, म्हणून पेटीला हळदकुंकू लावलं आहे. दुसरी पेटी मागितलीस यातच मला तुझा आशीर्वाद मिळाला. एजंट म्हणतो शिवरात्रीच्या आधी बयाणा देतो. कागद तयार करायला सांगितले आहेत.

सदू

*

वाडी,
७ फेब्रुवारी २०२५

श्री. सदाशिव, सुरीवाले, अंबरनाथ, यांसी,
गिऱ्हाईक विठाबाईचा रामराम.

तुमच्याकडून आम्ही सुऱ्यांची एक पेटी आमच्या तांदळाच्या बदल्यात घेतली. पावती आमच्याजवळ आहे. त्या मालाची तक्रार खालीलप्रमाणे.

मोठी सुरी लाल भोपळ्यात घातली. ती आत गेली, पण बाहेर येईना. चंद्रीनं भोपळा धरला, मी मूठ धरली, दोघींनी ओढली. मूठ माझ्या हातात आली, पातं भोपळ्यात राहिलं. तो भोपळा मग आम्ही पात्यासकट विळीवर नेला आणि विळीनं सोडवला.

दुसरी सुरी टोमॅटोवर ठेवली. टोमॅटो नुसता दबला. त्याचा रस झाला, फोड झाली नाही. तिसरी सुरणाला लावली, ती केळीच्या पानासारखी वाकली. चौथी दगडावर घासून बघितली. दगडाला चमक आली. पाचवीनं चंद्री दाराची कडी वर करते, ते काम चांगलं होतं. सहावी अजून हाती धरली नाही, धीर झाला नाही.

तुम्ही म्हणाल, गावच्या बाईला सुरीची सवय नाही. ते खरंच आहे. विळीवर पातं जागेवर असतं, आपण त्याच्यावर पाय देऊन बसतो आणि भाजी पात्याकडे नेतो. सुरीत भाजी बसलेली आणि पातं फिरणार. आमच्या हाताला ते उलटं. म्हणून सुऱ्या चंद्रीच्या सुनेला दिल्या. ती शहाडची, लहानपणापासून ओट्याशी उभी राहून कापणारी. तिनं एक कांदा घेतला, दोनदा दाबला, आणि म्हणाली, "आत्या, ये चाकू है की चमचा?"

इथवर गिऱ्हाईक बोललं. आता तुझी ताई.

सदू, ओवाळणीला नाव ठेवायचं नसतं. आई म्हणायची, भावानं ताटात दगड टाकला तरी तो डोक्याला लावायचा. म्हणून पहिल्या पत्रात मी एकही शब्द खोटा लिहिला नाही आणि एकही खरा लिहिला नाही. तू ते पत्र शेटला वाचून दाखवशील, त्याच्यावर शेत विकायला निघशील, हे मला काय ठाऊक! तुझं डिसेंबरचं पत्र वाचलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. लगेच खरं लिहायला बसले आणि कागद परत ठेवला. म्हटलं, आता सुऱ्या वाईट म्हटल्या तर सदूला वाटेल, ताईचा जीव शेतात अडकलाय म्हणून बोलते. तेव्हा ही दुसरी पेटी. ती माझ्या तांदळाची आहे. तिला मी काय वाटेल ते बोलीन. ओवाळणीची पेटी देवाजवळ आहे आणि तिला मी अजूनही नाव ठेवत नाही.

तरीही तुला वाटलंच की मी शेतासाठी लिहिते, तर वाटू दे. शेत विकायचं तर रंजनासाठी विक, तुझ्या कानांच्या औषधासाठी विक. या सुऱ्यांसाठी विकू नकोस रे बाबा.

विठाताई

*

अंबरनाथ,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. विठाताईस नमस्कार.

तुझं पत्र वाचून मला आधी राग आला, आणि मनात तेच आलं ज्याची तुला भीती होती. शेतासाठी लिहिते. सोमवारी देवळात जाऊन बसलो, पण हात जोडले तरी मागावं काय ते सुचेना.

घरी आलो. रंजना बाहेर गेली होती. टोपलीत भोपळा होता. ताई, माझ्या हातांनी लाखो वस्तू दाबल्या असतील, पण भाजी मी जन्मात कधी चिरली नव्हती. पेटीतली मोठी सुरी काढली आणि ओट्याशी उभा राहिलो. दाबतो आहे, दाबतो आहे, घामाघूम झालो. मागून खांद्यावर हात पडला. रंजना होती. कानाशी येऊन म्हणाली, "अहो, दाबताय काय? भोपळा आहे तो, झाकण नाही."

मी म्हटलं, "तू तर रोज हीच वापरतेस ना?"

"तुम्ही घरात असलात की."

"आणि नसलो की?"

तिनं गॅसच्या सिलिंडरमागे हात घालून विळी काढली. जमिनीवर बसली, आणि बघता बघता भोपळ्याच्या फोडी पडल्या. मी समोर बसून बघत राहिलो. मग दोघंही इतकं हसलो की शेजारची रखमा दार वाजवायला आली.

रात्री शांतपणे विचार केला तेव्हा माझं कुठे चुकलं ते दिसलं. आयुष्यभर मी झाकणं केली. झाकण चकचकीत निघालं, काठ सरळ असला की ते चांगलं. सुरीलाही मी तेच माप लावलं. पातं तापवून त्याला पाणी द्यावं लागतं, मग ते कठीण होतं, हे मी गावच्या लोहाराकडे लहानपणी पाहिलं होतं. पण शेट म्हणाले गरज नाही, आणि मी चमक बघून खूश. फुलवालीच्या दातांचा अर्थही मला आता लागला.

काल शेटकडे गेलो आणि तुझं पत्र समोर ठेवलं. ते वाचून म्हणाले, "अरे सदू, बहिणीचं पहिलं पत्र तर किती छान होतं!"

मी म्हटलं, "ते बहिणीचं होतं, शेट. हे गिऱ्हाइकाचं आहे."

त्यांनी पत्राची घडी घालून मला परत दिलं. मग इकडे तिकडे बघून काहीतरी पुटपुटले. ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. "आमच्या घरी पण जुनीच वापरतात." माणूस वाईट नाही. त्यांनीच जवळच कॅम्प पाचमध्ये कारखाना असलेल्या एका सिंधी मालकाला फोन लावला. तिथं प्रेसवर बिजागऱ्या काढतात. मालकानं मला एक काढायला सांगितली, ती दारासारखी उघडून बघितली, मिटून बघितली आणि म्हणाला, "साईं, सोमवार से आ जाओ." कानांचं सांगितलं तर म्हणतो, "यहां किसको सुनाई देता है?" ज्या दाराची मला एवढी भीती वाटत होती ते असं उघडलं. एजंटला बयाणा नको म्हणून सांगितलं.

आता माझं एक काम. एप्रिलात एक दिवस काढून बदलापूरला ये. आधार कार्ड आणि दोन फोटो आण. कशाला ते विचारू नकोस. पाठव म्हटल्यावर मी पावती पाठवली होती ना!

सदू

*

वाडी,
१४ मार्च २०२५

चि. सदूस आशीर्वाद.

नोकरी लागली, देव पावला. वाल पाठवते, रंजनाला सोलायला बसव आणि तू पण बस.

येते एप्रिलात. फोटो काढायला चंद्रीबरोबर स्टेशनाजवळ गेले होते. फोटोवाला म्हणाला, "हसू नका काकी." मी म्हटलं, "भाऊ काय करतोय ते कळत नाही, तर दुसरं काय करू?" फोटो हसताना आलाय. चालेल ना?

विठाताई

*

अंबरनाथ,
९ एप्रिल २०२५

ती. विठाताईस नमस्कार.

काल बदलापूरच्या ऑफिसात त्या कलकलाटात तू मला पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होतीस. मी मान हलवत राहिलो. सही करताना तुझा हात थांबला, तू माझ्याकडे बघितलंस, तेव्हाही मी मानच हलवली. ऐकू आलं नव्हतं हे खरं, पण मी ऐकायचा प्रयत्नही केला नव्हता. तिथं ओरडून सांगायची ती गोष्ट नव्हती. रंजनानं घरी आल्यावर सांगितलं, तू विचारत होतीस, "का रे? कशासाठी करतोस हे?"

तेव्हा नाही दिलं, ते उत्तर आता लिहितो.

डिसेंबरात तुझ्याजवळ खरं तयार होतं. ते माझ्यापर्यंत यायला फेब्रुवारी उजाडला. मधल्या दिवसांत मी कागद तयार करत होतो, एजंटला होकार देत होतो, आणि तू तिकडे बांधावर उभी राहून फुललेल्या वालाचा वास घेत होतीस आणि गप्प होतीस. तुझ्या तोंडावर हात कुणी ठेवला? मी तर नाही ठेवला. शेत माझं होतं, एवढंच कारण. खरं बोलायला तुला गोणभर तांदूळ खर्चून गिऱ्हाईक व्हावं लागलं. ती पावती आठवली की मला हसू येतं, आणि हसून झाल्यावर तुझं डिसेंबरचं पत्र पुन्हा काढून वाचतो.

माझे कान आता सुधारायचे नाहीत. पुढे आणखी कमी ऐकू येईल. अशा माणसाला खरं सांगणारं कुणीतरी लागतं, आणि त्यानं सांगताना मागेपुढे बघून चालत नाही. मी चुकतोय असं दिसलं की तू मला पहिल्याच पत्रात, पहिल्याच ओळीत, वाटेल त्या शब्दांत सांगायला हवंस, आणि ते वाचताना माझ्याही मनात दुसरं काही यायला नको.

रंजनाला विचारलं होतं. ती म्हणाली, "मला विचारता काय? मी कधीची म्हणतेय."

म्हणून ओहोळाकडचं शेत काल मी तुझ्या नावावर केलं.

तुझा,
सदू